नॅरोबोटवरील हिवाळी जीवन

नॅरोबोट ही ग्रेट ब्रिटनमधील अरुंद कालव्यांसाठी बांधली जाणारी लांबट, चिंचोळी बोट होय. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मध्य इंग्लंडमधील कालव्यांवर सुमारे ७ फूट रुंदीची लॉक, म्हणजे बोटींना वरच्या वा खालच्या पातळीवर नेणारी दारबंद कुंडे, बांधली आणि बोटींची रुंदीही त्यावरून ठरून गेली. आजची नॅरोबोट साधारणपणे ६ फूट १० इंच रुंद व जास्तीत जास्त सुमारे ७२ फूट लांब असते. पूर्वी मालवाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या या बोटींवर आता अनेक जण बारमाही राहतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांच्यासाठी सर्वांत खडतर काळ असतो. या काळात घर उबदार ठेवणे आणि बोट सुस्थितीत ठेवणे ही दोन वेगळी कामे उरत नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मालवाहू बोटींवरील कुटुंबे मागच्या टोकाकडील जेमतेम १० फूट लांबीच्या खोलीत राहत. त्यांची कमाई खेपांवर अवलंबून असे. त्यामुळे कालवा गोठला की बोट थांबे आणि मिळकतही थांबे. बर्फ फोडण्यासाठी खास बोटी असत. घोडे त्या ओढत आणि बोटीवरील माणसे मधल्या दांड्याला धरून ती दोन्ही बाजूंना हेलकावत, जेणेकरून दोन्हीकडचा बर्फ फुटावा. १९६२-६३ च्या हिवाळ्यात हा उपायही अपुरा पडला. डिसेंबर १९६२ च्या अखेरीपासून मार्च १९६३ च्या आरंभापर्यंत थंडी हटली नाही आणि बोटी अनेक आठवडे जागच्या जागी अडकून पडल्या. याच सुमारास, १ जानेवारी १९६३ रोजी, कालव्यांचा कारभार ब्रिटिश वॉटरवेज बोर्डाकडे आला. त्याच वर्षी या मंडळाने आपली बहुतांश नॅरोबोट मालवाहतूक बंद केली. रस्ते व रेल्वे यांच्या स्पर्धेने हा व्यवसाय आधीच खिळखिळा झाला होता; थंडीने त्याला केवळ शेवटचा धक्का दिला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

उष्णता, ओल आणि हवा

बहुतेक बोटींवर उष्णतेचे मुख्य साधन म्हणजे बंद दाराची लोखंडी शेगडी. तिच्यात धूरविरहित कोळशाचे ठोकळे किंवा वाळलेले लाकूड जाळतात. इंग्लंडमध्ये पिशवीबंद पारंपरिक घरगुती कोळशाच्या विक्रीवर मे २०२१ पासून बंदी आहे. ओले लाकूड कमी उष्णता देते आणि धूरनळीत डांबरासारखा थर साचवते. काही कालव्यांवर कोळसा, डिझेल व गॅसची नळकांडी विकणाऱ्या बोटी फिरतात. रस्त्यापासून दूर बांधलेल्या बोटींना त्यांचा मोठा आधार असतो.

पोलादी भिंतीच्या आतल्या बाजूस उष्णतारोधक फेसाचा थर असला तरी खिडक्यांच्या धातूच्या चौकटी थंडच राहतात. श्वासातील, स्वयंपाकातील व वाळत घातलेल्या कपड्यांतील बाष्पाचे तेथे सांद्रीभवन होऊन पाणी ओघळते. गॅसची शेगडीही यात भर घालते : १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी निर्माण होते. ही ओल गाद्यांखाली व कपाटांमागे बुरशी धरते आणि आतून पोलाद गंजवते. ती घालवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणे. कडाक्याच्या थंडीत तोच सर्वांत नकोसा वाटतो.

छपरावरील व दारांतील झरोके कापडाने वा कागदाने बुजवण्याचा मोह म्हणूनच जीवघेणा ठरू शकतो. रात्रभर आग टिकावी म्हणून शेगडीची हवा कमी केली की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. धूरनळी तुंबलेली असेल किंवा दाराभोवतीचा दोरीचा बंध झिजलेला असेल, तर हा रंगहीन, गंधहीन वायू खोलीत पसरतो. विझल्यासारख्या दिसणाऱ्या गरम राखेतूनही तो निघत राहतो, म्हणून राखेची बादली आत ठेवू नये. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे सर्दी-तापासारखी वाटतात आणि झोपेत तर ती कळतच नाहीत. बोट सेफ्टी स्कीमच्या नियमांनुसार निवासाची सोय असलेल्या बोटींवर १ एप्रिल २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आवश्यक आहे.

पाणी, गॅस आणि वीज

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पंप, नळ आणि गरम पाण्याची टाकी फुटू शकते. बोट रिकामी राहणार असल्यास पाण्याची व्यवस्था निथळून नळ उघडे ठेवतात, आणि इंजिनाच्या बंदिस्त शीतक पाण्यात गोठणरोधक द्रव मिसळलेला असतो. काठावरचे सार्वजनिक नळही गोठतात. थंडीचा अंदाज आला की जाणते बोटवाले आधी टाकी भरून घेतात आणि शौचालयाची टाकी रिकामी करून येतात. गॅससाठी प्रोपेन वापरतात, कारण ब्युटेनचे वायूत रूपांतर ०° सेल्सियसच्या आसपास जवळजवळ थांबते.

डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस आठ तासांहूनही थोडा लहान असतो आणि सूर्य क्षितिजालगत राहतो, त्यामुळे सौर पट्ट्यांचा उपयोग नाममात्र होतो. बॅटऱ्या भारित करण्यासाठी इंजिन चालवावे लागते, पण इतर बोटींच्या शेजारी रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत तसे करण्यास मनाई आहे. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी राहिली तर तिची क्षमता घटते आणि ती गोठण्याचीही शक्यता वाढते. यातूनच एक मोठा धोका उद्भवतो. पंख्याचा दांडा जेथून बोटीबाहेर जातो तेथून थोडे पाणी ठिबकते आणि ते उपसणारा पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की पंप थांबतो. लक्ष न दिलेली बोट बांधल्या जागी बुडू शकते.

मुक्काम आणि हालचाल

इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालव्यांचे व्यवस्थापन २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था करते. स्थायी मुक्कामाची जागा नसलेल्या बोटींना ब्रिटिश वॉटरवेज अधिनियम, १९९५ नुसार एका ठिकाणी १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही. मात्र परिस्थितीनुसार वाजवी असल्यास मुदत वाढते, आणि गोठलेला कालवा हे असे सबळ कारण आहे. लॉकच्या दुरुस्तीची मोठी कामेही हिवाळ्यातच काढली जातात, त्यामुळे पर्यायी मार्ग आधीच ठरवावा लागतो. हिवाळी मुक्कामाच्या जागा स्वतंत्र शुल्क देऊन घेता येतात.

बर्फातून बोट रेटणे टाळले जाते. बर्फाच्या धारदार कडा पाणरेषेजवळचे डांबर खरवडतात आणि शेजारच्या फायबरग्लासच्या बोटींना इजा करतात. पोलादी तळाला गंजापासून वाचवणारा हा डांबराचा थर दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून नव्याने द्यावा लागतो. त्याच वेळी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड तपासतात. लॉकच्या दारांवरील हिमाच्छादित फळ्यांवरून पाय घसरून थंड पाण्यात पडण्याचे भय वेगळेच. नद्यांवर बर्फापेक्षा पुराची धास्ती अधिक असते. टेम्स नदीवर प्रवाह जोरदार असताना लॉकपाशी लाल फलक लावून बोटी न हाकण्याचा इशारा दिला जातो, आणि पाणी चढेल-उतरेल तसे बांधलेले दोर सैल वा ताठ करण्यासाठी रहिवाशांना रात्रीही उठावे लागते.