‘सिक्रे’: फ्रान्समधील गुपितांची पुस्तके

सोळाव्या ते अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये ‘सिक्रे’ या नावाच्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग होता. सिक्रे म्हणजे गुपिते. फळांचे मुरंबे टिकवण्याच्या रीती, कापडावरचे डाग काढण्याचे उपाय, केसांचे कलप, तापावरचे काढे, शाई, व्हर्निश, खोटी रत्ने आणि अधूनमधून हलक्या धातूचे सोने करण्याची किमया, असे सारे त्यांत शेजारी शेजारी नांदत असे. मराठी वाचकाला आजीचा बटवा आठवेल. पण बटवा घरात राहतो, ही पुस्तके मात्र बाजारात विकली जात. शिवाय गुपित या शब्दाचा त्या काळचा अर्थही थोडा निराळा होता. केल्यावर हमखास साधते, पण का साधते हे सांगता येत नाही, अशी कृती म्हणजे गुपित.

या प्रकाराचे मूळ इटलीतले. १५५५ साली व्हेनिसमध्ये ‘आलेस्सिओ पिएमोंतेसे’ या नावाने गुपितांचा एक संग्रह निघाला आणि १५५७ मध्ये अँटवर्पच्या प्लांतँ या मुद्रकाने त्याचा फ्रेंच अनुवाद छापला. प्रस्तावनेत आलेस्सिओ सांगतो, की एका शस्त्रवैद्याने रुग्णासाठी आपल्याकडे औषधाची कृती मागितली, ती आपण दिली नाही आणि रुग्ण दगावला. त्या पश्चात्तापातून सारी गुपिते आता खुली करीत आहोत. पुढे १५६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात जिरोलामो रुशेल्ली या साहित्यिकाने हा संग्रह आपलाच असल्याचे म्हटले. म्हणजे आलेस्सिओ काल्पनिक, आणि बहुधा त्याचा पश्चात्तापही. तरी गुपित दडवल्याने माणसे मरतात हा युक्तिवाद वाचकांच्या मनात रुजला होता, हे खरे.

भविष्यवेत्ता म्हणून जगाला ठाऊक असलेल्या नोस्त्रादामुसनेही सौंदर्यप्रसाधने आणि मुरंबे यांवर पुस्तक लिहिले. तो मुळात औषधविद्येतला माणूस. १५४६ मध्ये एक्स शहरात प्लेग पसरला, तेव्हाच्या अनुभवातून आलेली सुगंधी गोळीही त्यात आहे: सुरूच्या लाकडाचा भुसा, लवंगा, अगरू आणि शेकडो लाल गुलाबांच्या पाकळ्या. प्लेगवर तिचा उपयोग शून्य. गुलाबाचा वास मात्र खरा.

या साऱ्या साहित्यात सर्वांत मोलाचा ऐवज त्या काळी छापलाच गेला नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘फ्रेंच हस्तलिखित ६४०’ या क्रमांकाने जपलेली ही वही सोळाव्या शतकाच्या अखेरीस तुलूझच्या परिसरात लिहिली गेली. लेखक अज्ञात आहे. नऊशेहून अधिक नोंदी, समासात दुरुस्त्या, काही रेखाटने. तोफा ओतणे, झाडांना कलमे करणे, रंग कालवणे, सरडा किंवा साप यांचा हुबेहूब धातूचा साचा घेणे, असा तिचा पसारा आहे. मेलेला सरडा मातीच्या पाटावर टाचण्यांनी बसवायचा, त्यावर साच्याचे मिश्रण ओतायचे, साचा भट्टीत भाजून आतल्या प्राण्याची राख करायची, राख बाहेर काढून पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. खवल्यान् खवला उमटतो.

खोट्या पोवळ्याची कृती त्याहून सोपी. काट्याची वेडीवाकडी फांदी घ्यायची, एक पौंड स्वच्छ राळ वितळवून तीत अक्रोडाच्या तेलासह एक औंस बारीक वाटलेला हिंगूळ मिसळायचा आणि त्याचा लेप फांदीवर चढवायचा. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. दागिना खोटा, पण रंगातला पारा अस्सल. तो तापवताना निघणाऱ्या वाफेचा धोका घेणारा कारागीर गिऱ्हाइकाला कधी दिसत नसे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार पामेला स्मिथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात या नोंदी प्रयोगशाळेत करून पाहण्यात आल्या. हस्तलिखिताची इंग्रजी अनुवादासह डिजिटल आवृत्ती २०२० पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. प्रयोग करणाऱ्यांना अडचण आली ती भलत्याच ठिकाणी. ताज्या पावाच्या मऊ गरात वस्तू दाबून ठसा घ्यावा, अशी एक नोंद आहे. पाव कोणता, कसा भाजलेला, याबद्दल अक्षर नाही; त्या काळी ते सर्वांनाच ठाऊक होते! म्हणून आधी पाव भाजायला शिकावे लागले. गुपित कागदावर उतरले तरी हाताचे कसब त्याच्यासोबत उतरत नाही, याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

सतराव्या शतकात या परंपरेला एक वेगळा आवाज मिळाला. मारी म्यर्द्राक यांचे ‘ला शिमी शारिताब्ल ए फासील’ (परोपकारी आणि सोपे रसायन) हे पुस्तक १६६६ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून प्रसिद्ध झाले. भट्ट्या, भांडी, ऊर्ध्वपातन आणि चिन्हांचे तक्ते यांपासून सुरुवात करून त्या वनस्पती, प्राणिज पदार्थ, धातू, औषधे आणि शेवटी प्रसाधनांपर्यंत येतात. शीर्षकातला ‘परोपकार’ गरिबांना परवडणाऱ्या औषधांचा. बाईने शिकवू नये हा लोकापवाद त्यांना पुरता ठाऊक होता. सुमारे दोन वर्षे त्यांनी लिखाण बाजूला ठेवले. अखेर बुद्धीला लिंग नसते, असे प्रस्तावनेत ठणकावून त्या पुढे झाल्या. पुस्तक वाचून स्वतः करून पाहण्याचे धाडस होत नसेल, तर समक्ष शिकवण्याची तयारीही त्यांनी दाखवली.

दहा वर्षांतच हवा पालटली. मार्कीझ द ब्रँव्हिलिए हिला वडील आणि भाऊ यांच्यावर विषप्रयोग केल्याबद्दल १६७६ मध्ये देहदंड झाला. तपास वाढत राजदरबारापर्यंत पोहोचला आणि १६८० मध्ये ला व्हुआझँ हिला पॅरिसमध्ये जाळण्यात आले. जुलै १६८२ च्या राजाज्ञेने सोमलासारख्या विषांची विक्री नोंदवहीत खरेदीदाराची माहिती लिहूनच करावी असे ठरवले आणि खासगी प्रयोगशाळांवर परवान्याचे बंधन आणले. विषाचा व्यापार आवरणे आवश्यकच होते. पण ज्या भट्टीपाशी म्यर्द्राक स्त्रियांना बोलावीत होत्या, तीच आता संशयाची जागा ठरली.

गंमत अशी, की त्याच काळात खुद्द चौदावा लुई गुपिते विकत घेत होता. रॉबर्ट टॅल्बर हा इंग्रज तापावरचे औषध गुप्त ठेवून गाजला होता. राजाने कृती विकत घेतली आणि टॅल्बरच्या मृत्यूनंतर १६८२ मध्ये ती छापली गेली. मुख्य घटक निघाला सिंकोना झाडाची साल, म्हणजे ज्या औषधाची टॅल्बर उघडपणे निंदा करीत असे, तेच! १६८८ मध्ये एल्व्हेसियस या वैद्याच्या अतिसारावरील औषधासाठी राजाने १००० सोन्याचे लुई मोजले. ते होते इपेकाकचे मूळ.

खेड्यापाड्यांत मात्र फेरीवाले ‘प्ती आल्बेर’सारखी स्वस्त पुस्तके विकत राहिले. त्यांत सुगंधी पाण्याच्या कृती आणि जादूटोणा एकत्रच असत.

१७८५ मध्ये क्लोद लुई बर्थोले यांनी क्लोरीनने कापड शुभ्र करण्याची रीत शोधली. तिचा एकाधिकार न घेता त्यांनी ती प्रसिद्ध केली. हा वायू अल्कलीच्या द्रावणात शोषून पॅरिसजवळच्या जाव्हेल गावातील कारखान्यात जे द्रव तयार झाले, त्याचे ‘ओ द जाव्हेल’ हे नाव फ्रेंच दुकानांतल्या बाटल्यांवर आजही आहे. त्यात आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन सुटतो. हे आता बाटलीवरच छापलेले असते.