नागपूरचे तलाव आणि पाणपक्ष्यांची छायाचित्रे

नागपूरचे तलाव माणसाने पाण्याच्या गरजेपोटी बांधले. पाखरांनी ते पुढे आपलेसे केले. जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला. फुटाळा भोसल्यांनी बांधला. १८७०च्या दशकात अंबाझरीतून शहराला पाणीपुरवठा सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोरेवाड्याची भर पडली.

इंग्रजी अमदानीत रानबदके ही बंदुकीची शिकार होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि हळूहळू बंदुकीची जागा दुर्बीण व कॅमेऱ्याने घेतली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने मराठी वाचकाला पक्ष्यांची गोडी लावली.

फिल्मच्या काळी एका रोलमध्ये ३६ फोटो मिळत. धुऊन येईपर्यंत चित्र कळत नसे, त्यामुळे प्रत्येक फोटो मोलाचा असे. डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. संयमाची गरज मात्र तशीच राहिली. टिबुकली हे पाखरू क्षणात बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. म्हणून छायाचित्रकार काठावर पालथा पडून, भिंग पाण्याच्या पातळीला आणून वाट पाहतो.

पावसाळा सरला की आश्विन-कार्तिकात स्थानिक वारकरी पक्षी, पाणकावळे यांच्या जोडीला उत्तरेकडून स्थलांतरित बदके येऊ लागतात. त्यांच्यासाठी उथळ काठ, पाणवनस्पती आणि शांतता हवी. सांडपाणी व काँक्रीटचे काठ रोखले, तरच ही पाखरे नागपुरात टिकतील.