नांदूर-मधमेश्वरचा गाळ

गोदाकाठी बसून आपण व्याख्याने ऐकतो. पण आपल्यापुढून वाहणारे पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार मी पन्नाशी उलटेपर्यंत केला नव्हता. कारखान्यातील सोबत्यांबरोबर एका रविवारी निफाड तालुक्यात गेलो, तेव्हा तो सुचला.

नाशिकपासून सुमारे 40 किलोमीटरवर गोदावरी व कादवा यांचा संगम आहे. 1899-1900 च्या दुष्काळाने दख्खनची दैना केली. त्यानंतर, 1901 मध्ये, सरकारने पाटबंधारे आयोग नेमला. कालव्यांच्या त्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, या संगमापाशी नांदूर-मधमेश्वरचा बंधारा झाला. पाण्याचा मोठा साठा करणे हे त्याचे काम नव्हे. साठा वर दारणेच्या धरणात. ते 1916 चे. तेथून नदीने आलेले पाणी अडवायचे, त्याची पातळी उंचावायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे, एवढीच ही योजना. याच पाण्यावर कोपरगावकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. कोणतेही जुने बांधकाम पाहिले की येथे रोजंदारी काय पडली असेल, हाच प्रश्न मला प्रथम पडतो. आमच्या धंद्याची खोड, दुसरे काय!

पाणी अडले तसा गाळही अडला. बंधाऱ्यामागे बेटे झाली, उथळ डबकी व दलदल झाली, लव्हाळे माजले. इंजिनिअराच्या हिशेबात हा तोटा. पाखरांना मात्र घर मिळाले. चिखलात चोच फिरवून खाणारा चमचा, पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांना खोल पाणी काय कामाचे? हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, चक्रवाक येतात. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. 1986 साली अभयारण्य झाले. 1971 साली इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयी करार झाला होता. त्याच्या यादीत 2020 मध्ये 1,437 हेक्टरांची ही जागा महाराष्ट्रातून पहिली म्हणून जाहीर झाली. येथे जिवांच्या 536 जाती नोंदल्या आहेत.

गाळ काढा, असे कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी म्हणाला तर त्याला पक्षिशत्रू ठरवू नये. त्याचे पीक पाण्यावाचून वाळते. पण सारा गाळ उपसला तर पाखरे राहणार नाहीत, हेही तितकेच खरे. माझ्या मते या दोघांना एका बैठकीस बसवावे. वाटाघाटी याहून अवघड असलेल्या मी पाहिल्या आहेत.

मात्र त्या बैठकीत नाशिककरांनी आरोपीच्या बाजूस बसावे. बंधाऱ्यावर हिरवी जलपर्णी पसरलेली दिसली. आमच्यातला एकजण म्हणाला, “वा, काय हिरवळ!” गावचा पोरगा दुर्बीण घेऊन आमच्याबरोबर वाट दाखवीत होता. तो म्हणाला, “दादा, ती तुमच्या शहराच्या सांडपाण्यावर वाढते.” मग दुर्बीण आमच्या हाती देऊन त्याने चक्रवाकांची जोडी कोठे बसली आहे ते दाखविले.