गरम ब्लोअरचं बेअरिंग: ग्रीस किती आणि कूलिंग कसं?

फोन तापला की तो आपोआप स्लो होतो. बेअरिंगला ती सोय नाही. ते तापत जातं आणि शेवटी जाम होतं.

मी साखर कारखान्यात अप्रेंटिस असतानाची गोष्ट. बॉयलरच्या आयडी फॅनचं बेअरिंग गरम लागलं, म्हणून मी ग्रीस गनने भरपूर ग्रीस मारलं. थोड्या वेळात तापमान आणखी वाढलं! फिटर काका म्हणाले, "अरे, त्याला भूक नव्हती, अजीर्ण झालं होतं."

उष्णता येते कुठून?

आयडी फॅन बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलतो. हा धूर साधारण १५० अंश सेल्सिअसचा असतो. बेअरिंग फॅनच्या केसिंगबाहेर असतं, पण शाफ्टमधून उष्णता तिथे पोचते. शिवाय घर्षणाची उष्णता वेगळीच.

ग्रीस किती?

बेअरिंग पूर्ण भरायचं, पण हाऊसिंगची मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मीच. जास्त झालं तर रोलर ग्रीस घुसळत बसतात आणि त्यातूनच उष्णता तयार होते. ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे १०० अंशांना ते पाव उरतं. म्हणून थोडं थोडं, पण लवकर लवकर द्यायचं. दोन प्रकारची ग्रीस मिसळायची नाहीत.

ऑइल असेल तर फॅन बंद असताना लेव्हल सगळ्यात खालच्या रोलरच्या मध्यापर्यंत हवी.

कूलिंग कसं होतं?

- कूलिंग डिस्क: केसिंग आणि बेअरिंगच्या मध्ये शाफ्टवर बसते. फिरताना उष्णता हवेत सोडते.
- पाणी किंवा ऑइल: जास्त उष्णता असेल तर हाऊसिंगमधून पाणी फिरवतात, किंवा ऑइल कूलरमधून थंड करून परत आणतात.
- सरकायला जागा: १ मीटरचा स्टीलचा शाफ्ट १०० अंशांनी तापला की सुमारे १.२ मिलिमीटर वाढतो. म्हणून एक बेअरिंग पक्कं आणि दुसरं सरकणारं ठेवतात.

बंद करताना काळजी

धूर गरम असताना फॅन एकदम थांबवू नका. डिस्क थांबते, पण शाफ्टमधली उष्णता बेअरिंगकडे येतच राहते. आतली हवा थंड होईपर्यंत फॅन फिरता ठेवा.

त्या दिवशी काकांनी ड्रेन प्लग उघडला, जादा ग्रीस बाहेर आलं आणि काटा हळूहळू उतरला. गाळप थांबलं नाही. तेव्हापासून बेअरिंग गरम लागलं की मी आधी विचारतो: ग्रीस कमी आहे की जास्त?