सायकल जुनी का होत नाही?

विषयात शिरण्याआधी आपण एक कल्पना करून बघू. १८९५ सालच्या इंग्लंडमधल्या एखाद्या सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला उचलून आज आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आणून उभं केलं. मोबाइल त्याला कळणार नाही. मोटारीचं बॉनेट उघडून दाखवलं तरी तो बघतच राहील. पण कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात काळी, दांडीची, दूधवाल्याची सायकल उलटी करून ठेवलेली दिसली, की तो बाह्या सरसावेल आणि पाना मागेल. सव्वाशेहून अधिक वर्षांचं अंतर त्या एका वस्तूपाशी गळून पडेल.

असं का होतं, हा आजचा आपला प्रश्न आहे. रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूची रचना 'कालातीत' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो?

तत्त्वज्ञानात 'कालातीत' हा शब्द जपून वापरावा लागतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे सत्य कालातीत म्हणता येईल, कारण ते गंजत नाही. सायकल गंजते. तिचं टायर झिजतं, चेन सैल पडते, ब्रेकची रबरं संपतात. मग काळाच्या तडाख्यात रोज सापडणाऱ्या वस्तूला आपण कालातीत कोणत्या अर्थानं म्हणायचं? उत्तरासाठी आधी इतिहास पाहू, कारण ही रचना कोणा एकाला सकाळी अंघोळ करताना सुचलेली नाही.

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल फॉन ड्राइस नावाचा गृहस्थ एका लाकडी यंत्रावर बसून बाहेर पडला. एकामागे एक दोन चाकं, मध्ये बसायला जागा, पुढचं चाक वळवायला मूठ. पॅडल नाही, जमिनीला पाय मारत पळायचं. आज हे हास्यास्पद वाटेल, पण सगळ्यात अवघड गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली होती. दोन चाकं एका रेषेत ठेवूनही माणूस तोल सांभाळू शकतो, ही ती गोष्ट.

पुढचं पाऊल पडायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पॅडल बसवलं गेलं. श्रेय मिशोंचं की लालमाँचं, यावर वाद आहे. तो आपण बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की पॅडल थेट चाकाला जोडलं की पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. वेग हवा? मग चाक मोठं करा. म्हणून १८७० च्या दशकात ती उंच चाकाची सायकल आली, जुन्या चित्रांत आपण पाहतो ती. पुढे छातीएवढं चाक, मागे चिमुकलं. चाक किती मोठं करायचं याला मर्यादा एकच, ती म्हणजे स्वाराच्या पायांची लांबी! रस्त्यात खड्डा आला की स्वार थेट डोक्यावर.

इथे थोडं थांबू. ही उंच सायकल वाईट रचना होती का? ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या दोन अभ्यासकांनी १९८४ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं आणि पुढे ते विवेचन फार गाजलं. त्यांचं म्हणणं असं, की तरण्याबांड, धाडसी पुरुषांसाठी ती उत्तम रचना होती, कारण धोका हाच तिचा दिमाख होता. पण लांब झग्यातल्या स्त्रियांच्या आणि वयस्करांच्या दृष्टीनं तीच सायकल निरुपयोगी होती. एकच लोखंड, पण ते कोणाच्या डोळ्यांनी पाहता यावर वस्तू ठरते. उंच सायकल फक्त एका वयाच्या, एका हौसेच्या माणसांची होती, आणि ती हौस सरली तेव्हा तिचेही दिवस भरले.

गाठ सुटली ती चेनमुळे. १८८० मध्ये हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरमध्ये चांगली टिकाऊ रोलरची चेन तयार केली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. चाकं जवळजवळ सारख्या मापाची, पॅडल मध्ये, आणि चेन मागच्या चाकाला. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला २२, तर पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे होणार. आता वेगासाठी चाक मोठं करायची गरज उरली नाही आणि माणूस जमिनीजवळ आला. तिला 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित सायकल म्हणत, हे नावच बोलकं आहे.

तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आधी मुलाच्या तीनचाकीवर त्यानं प्रयोग केला होता. हादरे कमी व्हावेत एवढाच हेतू. लोक त्या फुगीर चाकांना हसले. पण १८८९ मध्ये त्याच टायरांवर शर्यती जिंकल्या जाऊ लागल्या, तेव्हा हसणारे गप्प झाले. (त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट टॉमसन यानंही हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा ते चाक बसवायला सायकलच नव्हती! कल्पनेलाही तिची वेळ यावी लागते.)

सांगाड्याचंही तसंच. पहिल्या रोव्हरला सीटखालची उभी नळी नव्हती. काही वर्षांतच ती आली आणि आपला ओळखीचा, शंकरपाळ्यासारखा आकार तयार झाला. तो टिकला याचं कारण शाळेतल्या भूमितीत आहे. चार पट्ट्यांचा चौकोन दाबला की कलतो; तीन पट्ट्यांचा त्रिकोण कलत नाही. मागचा भाग सरळ त्रिकोणच आहे. पुढचा नीट पाहिला तर चौकोन, पण हँडलखालची नळी इतकी आखूड, की तोही त्रिकोणासारखाच वागतो. थोड्या नळ्यांत जास्तीत जास्त ताकद. चाकाचंही पाहा. बैलगाडीच्या चाकातले लाकडी आरे खांबासारखे भार तोलतात, म्हणून ते जाड. सायकलच्या तारा ताणलेल्या असतात, म्हणून बारीक असूनही पुरतात.

म्हणजे १८१७ ते साधारण १८९०, अशी सत्तर-पंचाहत्तर वर्षं आणि कितीतरी हात लागले. पुढे गिअर आले, ॲल्युमिनियम आलं, कार्बन आलं. पण बाजूनं काढलेली रेखाकृती तीच राहिली. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या रेखाकृतीत असं काय आहे?

पहिलं म्हणजे, तिनं सोडवलेला प्रश्न जुना होत नाही. माणसाच्या पायांत ताकद किती, त्याची उंची किती, तोल कसा सांभाळतो, या गोष्टी गेल्या शंभर-दीडशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. फॅशनला धरून केलेली रचना फॅशनबरोबर जाते. शरीराला धरून केलेली रचना शरीराइतकी टिकते.

दुसरं, ती कशासाठी वापरायची हे तिनं ठरवून टाकलेलं नाही. आपल्याकडे तिच्यावर दुधाच्या किटल्या आल्या, पेपरचे गठ्ठे आले. सुरीला धार लावणारा तर ती स्टँडवर उभी करून पॅडल मारतो आणि सायकल जागची न हलता सहाणेचं चाक फिरवते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, शीला राणी चुंकत कलेक्टर असताना, साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्यातला एक तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. लेडीज सायकली कमी पडल्या म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढे कित्येकींना त्याच आवडू लागल्या. कारण? मधल्या दांडीवर मूल बसवता येतं. लांब झग्याला आडवी येते म्हणून जी दांडी लेडीज सायकलीतून काढली होती, तिचा हा उपयोग इंग्लंडमधल्या कुठल्याच कारागिरानं कागदावर काढलेला नव्हता.

तिसरं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या घरी एकच सायकल होती, वडिलांनी वापरलेली घेतलेली. आम्ही आधी दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलो, मग सीटवर आलो. १९७० च्या आसपास तिच्यावरूनच कॉलेजात गेलो. तोवर तिचं टायर किती वेळा बदललं याची गणतीच नाही. सीट बदललं, चेन बदलली, पॅडल बदललं, एकदा पुढचं चाक रिमसकट बदललं. वर्षातून एकदा तिचं 'ओव्हरऑइलिंग' व्हायचं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्या सायकलवाल्यांनी त्याचं जे केलं ते जास्त अर्थपूर्ण आहे! सगळे भाग सुटे होऊन रॉकेलच्या ताटलीत पडायचे, छर्रे मोजून परत बसायचे, चाकाचा आउट काढला जायचा. आणि संध्याकाळी आपण घरी काय आणायचो? 'आपली' सायकल.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा 'नाही' म्हणतो आणि शेवटी त्याला कळतं, की रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. सायकलवाला हे रोज करून दाखवत असे. भाग मरतात, जुळणी राहते. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की कालातीत रचना काळाला दाराबाहेर ठेवत नाही. ती काळाला आत घेते आणि त्याच्यासाठी जागा ठरवून देते. टायर दोन वर्षांत जाणार, चेन चारमध्ये, सांगाडा चाळीसमध्ये. आणि एक गेला म्हणून दुसऱ्याला जायची सक्ती नाही. शिवाय काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, कारण सगळं उघडं आहे.

याच्या उलटही आपल्या अनुभवाचं आहे. मध्यंतरी घरातलं एक छोटं यंत्र बंद पडलं. बॅटरी संपली होती, बाकी सगळं ठणठणीत. दुकानातला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, हे उघडत नाही. नवीनच घ्या." सगळे भाग डिंकानं चिकटवलेले. सगळ्यात अल्पायुषी भागाचं आयुष्य तेच अख्ख्या वस्तूचं आयुष्य! दिसायला ते यंत्र सायकलीपेक्षा कितीतरी देखणं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

इथवर सायकलचं कौतुक झालं. आता दोन शंका प्रामाणिकपणे समोर ठेवू.

पहिली शंका अशी, की हा आकार केवळ गुणांवर टिकला का? १९३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर या स्वारानं जवळजवळ आडवं बसून चालवायच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं नियम केला आणि असली सायकल शर्यतीतून बाद ठरवली. म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराला कायद्याचाही आधार मिळाला. कालातीत म्हणून आपण ज्याची पूजा करतो, त्यात थोडा वाटा नियमांचा आणि सवयीचा असतो, हे विसरू नये.

दुसरी शंका आपल्या दारातली आहे. पुणं हे सायकलींचं शहर होतं. तासावर भाड्यानं सायकली मिळत, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला की पोलीस पकडत. आज त्याच रस्त्यांवर सायकल चालवायची म्हटलं तर घरचे काळजी करतात. रचना तीच आहे, तिच्यात खोट आली नाही. मग सायकल गेली कुठे?

नेदरलँड्समध्येही हेच होत होतं. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. लहान मुलांच्या हत्या थांबवा, हीच त्यांची घोषणा होती. त्याच सुमारास तेलाचं संकटही आलं. पुढच्या काही दशकांत त्यांनी रस्ते बदलले. सायकल बदलली नाही! आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा आपल्या दूधवाल्याच्या सायकलीच्या सख्ख्या बहिणी शोभतील.

यावरून काय घ्यायचं? चांगली रचना एवढंच करू शकते, की आपण परत यायचं ठरवलं तर ती तयार उभी असते. वापर टिकवणं, रस्ता राखणं, कोपऱ्यावरचा तो दुरुस्तीवाला जगवणं, ही कामं तिच्या नळ्यांत आणि तारांत बसवता येत नाहीत. ती आपली आहेत. आपल्या गल्लीतलं दुकान बंद होतं, तेव्हा छर्रे बदलता येणारी सायकलसुद्धा हळूहळू न उघडणाऱ्या यंत्रासारखीच होऊन जाते, कारण उघडणारं कोणी उरत नाही.

घरी गेल्यावर एक करून बघा. जिन्याखाली, गॅलरीत एखादी सायकल धूळ खात पडली असेल. तिच्या टायरमध्ये हवा भरून बघा. बहुधा ट्यूब गेलेली असेल, आणि बहुधा तेवढंच गेलेलं असेल.