मागांची संख्या आणि विणकराचे मन

मुंबईच्या कापडगिरण्यांतील १९२८ च्या सार्वत्रिक संपाकडे आपले अभ्यासक बहुधा मजुरी आणि कामगार-संघटना या दोन दृष्टींनी पाहत आले आहेत. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या आणि सुमारे दीड लाख कामगारांना व्यापणाऱ्या या संपामागे आणखी एक प्रश्न होता. दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, अशी योजना काही गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली पुढे आणली होती. मालकांनी तिचा हिशेब दरमाणशी उत्पादनात मांडला, तर कामगारांनी बेकारीच्या भयात आणि कामाच्या बोजात.

हा बोजा केवळ हातापायांचा नव्हता. सूत निकृष्ट असले की ताण्याचे धागे वारंवार तुटतात. सुताची निवड विणकराच्या हाती नसते. तरीही बिघडलेले कापड त्याच्याच माथी मारून त्याची किंमत मजुरीतून कापून घेण्याची चाल गिरण्यांत होती. ज्यावर आपला अधिकार नाही त्याची जबाबदारी वाहावयाची, आणि दारात बदली कामगार उभाच आहे हे जाणून वाहावयाची, ही मनाला पोखरणारी स्थिती होय. फॉसेट समितीने १९२८-२९ मध्ये दरपत्रके व स्थायी आदेश तपासले. या स्थितीला मात्र दरपत्रकात रकाना नव्हता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने उष्णता, दमटपणा, उजेड आणि आठवड्याचे ४८ तास यांचे नियमन केले. शरीराची काळजी कायद्यात आली, ती अशी.

याच प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला गेला तो अहमदाबादेस. तेथील कॅलिको मिल्सने स्वयंचलित माग बसविले होते, परंतु उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी त्या खात्याची पाहणी केली. २२४ मागांवरील कामाचे बारा प्रकार पाडलेले होते. विणकराकडे २४ वा ३२ माग, तर कांड्या भरणाऱ्याकडे ४० वा ५०; म्हणजे कोण कोणाचा सोबती, हेच ठरत नव्हते. राइस यांनी ६४ मागांमागे सात जणांचा एक गट, अशी कल्पना मांडली. तिचा तपशील पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी स्वतःच भरून काढला, ही गोष्ट मला आकड्यांहून अधिक महत्त्वाची वाटते. उत्पादन वाढले, सदोष कापड घटले.

येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. राइस यांच्या १९५८ च्या ग्रंथातील यशाची मोजमापे मुख्यतः कापडाची आहेत. विणकराच्या समाधानाचा निष्कर्ष त्यांवरून काढावा लागतो. चांगले कापड विणणारा मनुष्य स्वस्थचित्त असतोच, असे गृहीत धरण्यास आधार कोणता? मुंबईत मालकांनी केला तोच हिशेब येथे सहृदयतेने केला गेला, एवढा भेद निश्चित आहे, आणि तो लहान नाही. पण कामगाराचा स्वतःचा शब्द दोन्हीकडे दुय्यमच राहिला.

एरिक मिलर यांनी १९७० साली त्याच गिरणीत पुन्हा पाहणी केली आणि तिचा वृत्तान्त १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धती बरीचशी टिकून होती. स्वयंचलित मागांच्या खात्यांत, जेथून प्रयोगाचा आरंभ झाला होता, तेथे ती झिजून गेली होती.