नकाशा आणि नेमणूक

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू झाल्यावर त्याच्या नोंदी उघडून पाहिल्या, तर अगदी सुरुवातीलाच एक मथळा भेटतो : ‘बायोस-प्रोव्हाइडेड फिजिकल रॅम मॅप’. त्याखाली ओळींची रांग. प्रत्येक ओळीत कुठून कुठपर्यंत हे सांगणारे दोन पत्ते आणि शेवटी एक शेरा, ‘यूजेबल’ नाहीतर ‘रिझर्व्ह्ड’. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मूळ आज्ञावलीत ‘मॅप’ हा शब्द पुन्हा भेटतो, पण वेगळ्या रूपात. तिथे ‘इनिट मेम मॅपिंग’ नावाचे एक फंक्शन आहे. पहिल्या ठिकाणी मॅप हे नाम आहे, दुसऱ्या ठिकाणी ते क्रियापद होऊन आले आहे. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात भागते. मराठीत शिकवताना मात्र दोन्हीकडे ‘नकाशा’ म्हटले, की दोन वेगळी कामे एकच वाटू लागतात आणि संगणक सुरू होताना नेमके काय घडते ते हातून निसटते. म्हणून या शब्दांकडे जरा थांबून पाहायला हवे.

मॅप हा मुळात कपड्याचा शब्द. लॅटिनमध्ये ‘मप्पा’ म्हणजे जेवताना वापरायचा रुमाल. रोममध्ये रथांच्या शर्यती सुरू करताना जे फडके खाली टाकत, तेही मप्पाच. हा शब्द कार्थेजच्या प्यूनिक भाषेतून आला, असे रोमन वक्ता क्विंटिलियन याने लिहून ठेवले आहे. मध्ययुगात जगाचे चित्र कापडावर काढत, त्याला ‘मप्पा मुंडी’, म्हणजे जगाचे कापड, म्हणू लागले आणि पुढे कापड गळून चित्र तेवढे उरले. मप्पाचे फ्रेंचमध्ये ‘नाप’ झाले आणि त्यातूनच आपल्या घरातला नॅपकिन आला. मॅप आणि नॅपकिन ही एकाच आईची लेकरे.

नकाशाचे कूळ वेगळे. अरबी ‘नक्श’ म्हणजे कोरणे, रंगवणे. फारसीतून तो मराठीत आला तो एकटा आला नाही. नक्षी, नक्षीकाम, नक्षीदार हे सगळे त्याच घरातले, आणि एखाद्याचा ‘नक्षा उतरवला’ म्हणतो तेव्हाही तोच. या सगळ्यात समान धागा असा, की जे आहे किंवा जे दिसायला हवे ते पृष्ठभागावर उमटवायचे. संगणकाच्या पहिल्या कामाला हा शब्द चपखल बसतो. मेमरी कुठे आहे, कुठे नाही, कुठली दुसऱ्या कुणासाठी राखलेली आहे, हे आधीच ठरलेले असते. कर्नेलला ते फक्त उमटवून घ्यायचे असते.

हे विचारण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. बायोसच्या, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या, काळातल्या पीसीवर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ई८२० हा सोळाधारी आकडा ठेवायचा, दुसऱ्यात ‘एस-एम-ए-पी’ ही चार अक्षरे, आणि बायोसला हाक मारायची. एका हाकेला एकच ओळ मिळते : सुरुवात, लांबी आणि प्रकार. सोबत एक खूण येते, ती पुढच्या हाकेला परत द्यायची. खूण शून्य आली की यादी संपली. या आकड्यावरूनच त्या यादीला ‘ई८२०’ हे नाव पडले आणि ते इतके रुजले, की आज पीसीवर बायोसच्या जागी यूईएफआय आले तरी लिनक्स त्याच्याकडून मिळालेली यादी ई८२० च्याच साच्यात ओतून घेते.

जुन्या पद्धतीच्या यंत्रावर यादीची पहिली ओळ बहुतेक वेळा शून्यापासून ६३९ किलोबाइटपर्यंतची जागा वापरायोग्य सांगते. त्याच्या वरचा एक किलोबाइट बायोसने स्वतःच्या टिपणांसाठी ठेवलेला असतो. मग ६४० किलोबाइटपासून १ मेगाबाइटपर्यंत खंड. हा खंड १९८१ सालचा आहे. आयबीएमच्या पहिल्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांच्या २० तारा होत्या, म्हणजे पत्ते एकूण १ मेगाबाइटचे. त्यातले वरचे ३८४ किलोबाइट पडद्याची मेमरी, विस्तार कार्डे आणि रॉम यांना दिले आणि प्रोग्रामसाठी ६४० उरले. तो पीसी कधीच गेला, पण ती हद्द अजून पाळली जाते. लिनक्स तर बायोसने काहीही सांगितले तरी त्या ३८४ किलोबाइटांना स्वतःहून वगळते आणि अगदी पहिले ४ किलोबाइटही राखीव धरते. एकाच जागेबद्दल दोन परस्परविरोधी नोंदी आल्या, तर वापरू नये असे सांगणारी नोंद ग्राह्य धरली जाते. मला ही सावधगिरी फार मोलाची वाटते, कारण राखीव जागेवर चुकून लिहिले तर यंत्र का कोसळले ते शोधायला आठवडे जाऊ शकतात.

सातबारा पाहिलेल्या माणसाला ही यादी परकी वाटणार नाही. उताऱ्यावर लागवडीलायक क्षेत्र असते आणि त्याच गटात पोटखराबाही असतो. त्यातही दोन वर्ग : लागवडीला नालायक तो ‘अ’, आणि रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला तो ‘ब’. ई८२० च्या यादीतही ‘रिझर्व्ह्ड’ निराळे आणि सदोष मेमरीसाठीचा ‘अनयूजेबल’ निराळा. दोन्ही जागा वापरायच्या नाहीत, पण कारणे वेगळी, आणि ती वेगळी नोंदवणे महत्त्वाचे.

ही यादी वाचणारा तो कर्नेल. जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे दाणा, आणि त्याला लघुत्वाचा प्रत्यय लावून झालेला ‘सिर्नेल’ (उच्चार ‘किर्नेल’च्या जवळचा) म्हणजे छोटा दाणा, बी. लॅटिनचा ‘ग्रानुम’ आणि त्यातून आलेले ग्रेन, ग्रॅनाइट हे त्याचे भाऊबंद. अनेक व्युत्पत्तिकार याच मुळाशी संस्कृत ‘जीर्ण’ जोडतात. झिजलेला, दळला गेलेला असा तो अर्थ. मराठीत कर्नेलसाठी ‘गाभा’ सुचवला जातो आणि तो वाईट नाही. गर्भापासून आलेला तो शब्द आहे. पण माझे मत ‘मगज’ या शब्दाला आहे. कलिंगडाच्या बिया सोलून आत जो निघतो तो मगज, आणि डोक्यात असतो तोही मगजच. हा फारसी शब्द आपल्या ‘मज्जा’चा दूरचा नातलग. कवचाच्या आतले बी आणि विचार करणारा मेंदू, हे दोन्ही अर्थ एका शब्दात मराठी माणूस रोज वापरतो. इंग्रजी कर्नेलला ही जोड नाही.

संगणक सुरू होण्याला ‘बूट’ म्हणतात, त्या शब्दाबद्दल थोडक्यात. स्वतःच्या बुटाच्या मागची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे, ही इंग्रजीत अशक्य गोष्टीची म्हण. १९५० च्या दशकात, छोटा प्रोग्राम येऊन उरलेला मोठा प्रोग्राम मेमरीत आणतो, या युक्तीला ‘बूटस्ट्रॅप’ नाव मिळाले आणि वापरात त्याचे ‘बूट’ उरले.

आता मॅपचा दुसरा अर्थ. नकाशा हाती आला तरी आजच्या पीसीवरील कर्नेलला त्या मेमरीला थेट हात लावता येत नाही. प्रोसेसर जो पत्ता उच्चारतो तो आभासी असतो, आणि तो खऱ्या रॅमच्या कुठल्या पत्त्यावर न्यायचा हे एका कोष्टकातून ठरते. त्या कोष्टकात ओळ नसेल, तर समोर रॅम असूनही ती नसल्यासारखीच. म्हणजे इथे काही उमटवायचे नाही, पत्ता नेमून द्यायचा आहे. याला मी ‘नेमणूक’ म्हणेन : या आभासी पानाला, म्हणजे मेमरीच्या ठरलेल्या मापाच्या तुकड्याला, हे खरे पान नेमले.

अडचण अशी, की कोष्टक ठेवायलाही मेमरी लागते, आणि त्या मेमरीत लिहायचे तर तिची नेमणूक आधी झालेली हवी. लिनक्सची सोडवणूक साधी आणि सुंदर आहे. कर्नेलच्या प्रतिमेतच काही कोष्टके तयार असतात, ती स्वतः कर्नेलपुरती पुरतात. त्या छोट्या वावरात पुढची काही कोष्टके लिहिली जातात, त्यांनी थोडी आणखी मेमरी नेमली जाते, त्या मेमरीत आणखी कोष्टके मावतात. असे टप्पे वाढत जाऊन अखेरीस सगळी वापरायोग्य रॅम एका सलग आभासी पट्ट्यात येते. तिथे खऱ्या पत्त्यात एक ठरलेली संख्या मिळवली, की आभासी पत्ता मिळतो.

कोष्टक हा शब्द ‘कोष्ठ’पासूनचा. कोठा, कोठार त्याच्याच पोटचे. कोष्टक म्हणजे छोट्या खोल्यांची रांग. ६४-बिट इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर एका कोष्टकात अशा ५१२ खोल्या, प्रत्येक ८ बाइटची. गुणाकार ४,०९६, म्हणजे बरोबर एक पान. कोष्टक ज्या मापाची मेमरी वाटते, त्याच मापात स्वतः मावते. हा योगायोग नाही, ते तसे मुद्दाम आखलेले आहे.

आणि ‘पान’? लॅटिन ‘पागिना’ हा बांधणे, रोवणे या अर्थाच्या धातूपासून आला. मँचेस्टर विद्यापीठाच्या मार्क १ यंत्रात, १९४९ च्या सुमारास, विल्यम्स नळीच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात साठवलेल्या ३२ ओळींच्या गटाला ‘पेज’ म्हणत. त्याच विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेला ॲटलस १९६२ मध्ये सुरू झाला, आणि ५१२ शब्दांची पाने चुंबकीय ढोलावरून (ड्रमवरून) आत-बाहेर करण्याची आभासी मेमरी त्यात प्रत्यक्षात आली. आपल्याकडे ‘पान’ पर्णापासून, तर ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ. कर्नेलच्या कामाला मला पानच बरे वाटते, कारण झाडाला पाने असावीत तशी ही कोष्टके खरोखरच शाखांनी पसरतात आणि शेवटच्या टोकाला पान असते.

पाने नेमून झाली, की प्रत्येक पानाची नोंद ठेवायची असते. एका पानामागे साधारण ६४ बाइट. ८ गिगाबाइट रॅममध्ये २०,९७,१५२ पाने होतात, म्हणजे नुसत्या नोंदींना १२८ मेगाबाइट गेले. मग ही पाने ‘झोन’मध्ये वाटली जातात. पहिला झोन अवघा १६ मेगाबाइटचा, कारण १९८४ च्या पीसी-एटीमधल्या आयसा बसला पत्त्यांच्या २४ तारा होत्या आणि तिच्यावरची कार्डे थेट मेमरीत लिहिताना त्यापलीकडे पोचू शकत नसत. दुसरा ४ गिगाबाइटपर्यंत, ३२-बिट उपकरणांसाठी. बाकीचा सर्वसाधारण. झोन हा ग्रीक शब्द, अर्थ कंबरपट्टा. पृथ्वीच्या कमरेभोवतीचे पट्टे म्हणून भूगोलाने तो घेतला आणि मराठीत त्याचा ‘कटिबंध’ झाला, कटी म्हणजे कंबर हा अर्थ जसाच्या तसा राखून. मेमरीच्या झोनला कटिबंध म्हणायला काहीच हरकत नाही. पहिल्या १६ मेगाबाइटांचा कटिबंध, त्यावर ३२-बिटांचा, त्यावर सर्वसाधारण : विद्यार्थ्याला चित्र लगेच दिसते, आणि कुठल्या उपकरणाचा हात कुठवर पोचतो हेही त्यातच कळते.